खोल पाण्यातले पिंजरे

गुरुवार, २ मे

वही हिने आणून दिली. म्हणाली, "दिवसभर बोलायला माणूस नाही म्हणून संध्याकाळी माझं डोकं खाता. त्यापेक्षा लिहा." बोलायला माणूस आहे, पण तो फौजदार आहे.

फौजदार म्हणजे हिचा धाकटा भाऊ. पोलिसात तो कधीच नव्हता. पाळण्यातून हुकूम सोडायचा म्हणून नाव पडलं, आणि आता चाळिशीला आला तरी त्या नावाला जागतोय. आज सकाळी मी होडीत पाय ठेवला तर म्हणाला, "मधोमध, भाऊजी, मधोमध! फळीवर रंधा मारायला नाही चाललो आपण."

मी सुतार. रंधा मारण्यातच आयुष्य गेलं. थंडी सरताना सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. तळ्याकाठचं घर, होडी, जाळी आणि माशांचे सहा पिंजरे, सगळं एकट्या फौजदाराच्या अंगावर पडलं. ही म्हणाली, जाऊ या. दुकानाला कुलूप लावलं आणि आलो. मुलगी तिच्या घरी सुखात आहे, मागे कुणाचं अडत नाही.

पिंजरा म्हणजे लाकडी चौकट, ती तरंगावी म्हणून खाली बांधलेली रिकामी पिंपं, आणि चौकटीतून पाण्यात सोडलेली जाळ्याची भलीमोठी पिशवी, दोन पुरुष खोल. आत मागच्या वर्षी सोडलेली पिल्लं, आता कोपरापासून बोटांपर्यंत लांब. तळ्यातला मासा मिळाला तर मिळाला, पिंजऱ्यातला आपला. उन्हाळा सरला की ते विकायचे, त्यावर घर वर्षभर चालतं. आता त्यात बाबांची औषधं आणि व्यायाम करवून घेणाऱ्या नर्सबाई. ही म्हणाली, "ही एक खेप हातची गेली, तर पुढची पिल्लं आणायलासुद्धा काही उरणार नाही."

"अभद्र बोलू नकोस," फौजदार म्हणाला.

रविवार, ५ मे

पिंजरे हलवले. हात सोलून निघालेत, पण मन शांत आहे.

बाबा ते ओढ्याच्या तोंडाशी ठेवायचे. तिथे पाणी पिशवी जेमतेम मावेल एवढंच, तळाला गोटे. काल हात घातला तर पाणी आंघोळीला काढल्यासारखं. मला माशांची दया आली. म्हणालो, "आपण सावलीला पळतो. यांनी कुठे पळावं?"

"तेच तर," फौजदार म्हणाला. "मध्ये खोल पाण्यात न्यायला हवेत. तिथलं पाणी बघा कसं गार असतं. बाबांना म्हातारपणी लांब वल्हवणं होईना, म्हणून काठाला बांधून ठेवायचे."

"असं ते म्हणाले होते?"

"बाबा कधी काही म्हणालेत का, भाऊजी? बाबा करतात. आपण बघायचं आणि बोलणी खायची."

दोघांनी मिळून एकेक पिंजरा होडीला बांधून ओढत नेला. ओला पिंजरा ओढणं म्हणजे पाण्यातून घर ओढणं. शेवटचा घरासमोरून चालला होता तेव्हा बाबा खिडकीशी उठून बसले होते. मी हात हलवला. त्यांनी डावा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

संध्याकाळी मी त्यांना पाणी पाजत होतो. त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलले, मान ताठ झाली आणि शब्द बाहेर आला. आजारपणातला पहिला शब्द.

"उलटी."

ही धावत तसराळं घेऊन आली. उलटी काही झाली नाही. पण शब्द आला! ही तसराळं मांडीवर घेऊन रडत बसली. मी कोपऱ्यात जाऊन देवापुढे हात जोडले.

गुरुवार, ९ मे

उन्हाळ्यातली मासेमारी म्हणजे मासा कुठे बसलाय ते शोधणं. बाकी सगळी हमाली. शिकलो तेवढं लिहून ठेवतो.

ऊन पडायच्या आत मासा काठाच्या गवतात चरायला येतो. तेव्हा गळाला गांडूळ लावून तरंगीवर नजर ठेवायची, बोलायचं नाही आणि सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. ऊन चढलं की तो आत सरकतो. मग उभं जाळं. ते किती खोल टांगायचं हे बाबांचा दोर सांगतो. दोराच्या टोकाला शिसं, दर पुरुषाला एक गाठ. सोडायचा, थोडा वेळ राहू द्यायचा, भराभर ओढायचा आणि एकेक गाठ गालाला लावत जायचं. वरच्या गाठी कोमट, आणि चौथी एकदम गार. मधे काही नाही. तळ्यात कुणी आडवी फळी घातल्यासारखं, वर एक पाणी आणि खाली दुसरं.

जाळं चौथ्या गाठीला टांगलं. भरून आलं. मिशाळ मासे, चंदेरी, एक तर माझ्या मांडीएवढा. फौजदारसुद्धा हुकूम द्यायचा विसरला.

वर आभाळ आणि पाणी सारखंच, कुठे सुरकुती नाही. वाऱ्याची झुळूक नाही. अशा शांततेत देवाचं नाव आपोआप तोंडात येतं.

मंगळवार, १४ मे

बाबांचं उलटीचं चालूच आहे. दिवसातून किती वेळा ते आता मोजत नाही. प्रत्येक वेळी ही तसराळं धरते, पाठीवर हात फिरवते, आणि काही होत नाही. डॉक्टर म्हणाले, मळमळ असेल. औषध दिलं. ते बाबांनी थुंकून टाकलं.

आज तर जेवणाची वाटी भरलेली पांघरुणावर पालथी घातली. हिने पुसून काढलं, दुसरी वाढली. तीही पालथी. मग पाण्याचा पेला. ही म्हणाली, "बाबा, मी लहान असताना असं केलं असतं तर तुम्ही पाठ सोलली असती." त्यांनी तिचा हात पकडला आणि खिडकीकडे बघत पुन्हा तेच.

मला वाटतं, तळ्यावरून जी चमक येते तिने त्यांना गरगरत असावं. मलाही दुपारी होतं. म्हणून दुपारी फौजदाराला हाताशी घेऊन खाट फिरवली. आता त्यांचं तोंड भिंतीकडे आहे. खाटेला एक फळीही ठोकून दिली, वाटी ठेवायला, कडा उंच केल्या म्हणजे सांडणार नाही.

खाट फिरवताना ते ओरडले. शब्द नव्हता त्यात. पुढे दमून झोपले. आजारी माणसाला आपलं हित कळत नाही.

मंगळवार, २१ मे

मासे वर आलेत. चौथ्या गाठीला टांगलेलं जाळं खालून रिकामं येतंय, मासा फक्त वरच्या काठाला अडकलेला. तिसऱ्या गाठीला टांगलं तर पुन्हा भरून आलं. गंमत म्हणजे गार पाणी जिथल्या तिथेच आहे, गालाला लावून बघितलं. गारवा सोडून मासा कोमट पाण्यात येऊन बसलाय. का, ते त्याचं त्याला ठाऊक. आपलं ओढायचं काम हलकं झालं एवढं खरं.

जाळ्याची खालची कड काळी पडली आहे आणि तिला वास येतो, सडक्या अंड्यासारखा. शिसंही काळं. दोन खेकडे मेलेले निघाले. फौजदार म्हणाला, गाळाला लागलं असेल. गाळ तर त्याहून बराच खाली आहे, पण मी वाद घातला नाही.

बर्फवाला, जो एक दिवसाआड गाडी घेऊन येतो आणि आमचा माल नेतो, तो आज खोकी उचलताना म्हणाला, "फौजदारसाहेब, तळ्यातल्या माशांना समन्स काढलंत की काय? रांगेनं हजर होतायत."

"भाऊजींचा पायगुण," फौजदार म्हणाला. माझ्याबद्दल तो चांगलं बोलला असं हे पहिल्यांदाच. संध्याकाळी हिला सांगितलं. म्हणाली, "लिहून ठेवा, परत व्हायचं नाही."

रविवार, २६ मे

नर्सबाई आल्या होत्या. बाबांचे हातपाय हलवता हलवता त्यांनी हिला विचारलं, "यांना खरंच एकदा तरी उलटी झाली आहे का?"

ही म्हणाली, "नाही. नुसतं म्हणतात."

"मग मळमळ नसेल ती. अशा आजारात शंभर शब्द जातात आणि एखादा हाताला लागतो. माणूस मग तोच धरून सगळं सांगायला बघतो. नीट ऐकत जा. खाट अशी का फिरवली?"

मी चमकेचं सांगितलं. जाताना त्यांनी दारातून एकदा तळ्याकडे आणि एकदा भिंतीकडे बघितलं.

मी संध्याकाळी बराच वेळ बाबांजवळ बसलो. विचारलं, भूक? तहान? दुखतंय? देवाचं काही वाचून दाखवू? प्रत्येकाला डोकं हलवून नाही. मग मी थकलो. ते थकले नव्हते. "उलटी," म्हणाले, अगदी हळू, लहान मुलाला समजावल्यासारखं.

गुरुवार, ३० मे

आज सकाळी जे पाहिलं ते आधी लिहितो.

उजाडताना पिंजऱ्यांपाशी गेलो. साऱ्या पिंजऱ्यांतले मासे वर आले होते, एकाला एक चिकटून. सगळ्यांची तोंडं पाण्याबाहेर, गोल, उघडत आणि मिटत. हजारो तोंडं आणि आवाज फक्त बारीक चुट्‌चुट्‌. मी वल्हं खाली ठेवलं. मला वाटलं, आपण प्रार्थनेच्या मधेच येऊन उभे राहिलो. अंगावर काटा आला.

फौजदार म्हणाला, "भुकेलेत. उन्हाळ्यात भूक वाढते." दुप्पट खाद्य टाकलं. बरंचसं त्यांनी घेतलं नाही, ते खाली बुडत गेलं. ऊन वर आल्यावर मासे शांत झाले. म्हणजे भूकच होती म्हणायची.

ओढ्यापलीकडे पाण्यात रोवलेल्या खांबांवर खेकडे चढून बसलेत, पाण्याबाहेर, उन्हात. गोगलगाईसुद्धा. हिला दाखवायला आणलं तर म्हणाली, "यांना कुणी घराबाहेर काढलंय?" पाण्यावर जाड पोपटी साय धरली आहे. होडी तिच्यातून जाते आणि मागे वाट पुन्हा मिटते.

वारा नाहीच. रोज देवाला म्हणतो, थोडं गार कर.

मंगळवार, ४ जून

जाळं आता पहिल्या गाठीला टांगतो. खरं तर टांगावं लागतच नाही. कमरेएवढ्या पाण्याचं जाळं आणि त्याच्या तोंडात सगळं तळं. आज मिशाळ मासा हाताने पकडला. भर दुपारी तो पाण्याच्या कातडीला टेकून नुसता उभा होता, पळाला नाही.

बर्फवाल्याने खोकी भरली, पण आज विनोद नाही. एक मासा उचलून त्याचे कल्ले उघडून बघितले. विचारलं, "एवढे वर का येतायत, सुतारदादा?"

"देतोय देव."

"देव देतोय ते ठीक. खालून हाकलतोय कोण?" मग स्वतःच हसला आणि गाडीत बसला. ती गोष्ट दिवसभर माझ्या डोक्यात फिरते आहे. फौजदाराला म्हणालो, थोडे दिवस पिंजरे परत ओढ्यात नेऊन बघू या का? तो म्हणाला, "का, मासे गुणगुणले तुमच्या कानात?" कारण मला सांगता येईना. नुसतं वाटतं, यावर काय कारण देणार. पिंजरे तिथेच राहिले.

शनिवार, ८ जून, सकाळी

ऐकलं देवाने! पश्चिमेला ढग. काळे, जाड, कडा पांढऱ्या. आजचा उकाडा शेवटचा. ही म्हणाली, वास आला बघा पावसाचा. पिंजऱ्यांतल्या माशांना किती बरं वाटेल.

रविवार, ९ जून

काल सकाळचं लिहिलेलं पुसणार नाही. राहू दे डोळ्यांपुढे.

काल जेवणवेळेला बर्फवाला आला, त्याच्या वेळेच्या आधीच. ढग बघून गाडी काढली म्हणाला. "काठाची जाळी आवरा, सुतारदादा. इतका उन्हाळा आणि त्यावर गार पाऊस, तळं उलटायचं एखाद्या वेळी."

मी विचारलं, "काय व्हायचं?"

"उलटायचं. पाणी उलटतं ना. वरचं एकदम गार झालं की जड होऊन खाली बसतं, आणि खालचं येतं वर. खालच्यात वर्षाचा कुजलेला गाळ, त्यात माशाला श्वास कुठला? माझ्या मामाच्या तळ्याचं उलटलं होतं लहानपणी. पाण्यावर चालत जाता येईल एवढे मासे. बाबांना तर माहीतच असणार, तुम्ही त्यांना..." तो मधेच थांबला. "म्हणजे, त्यांना बोलता आलं असतं तर."

मी म्हणालो, "बोलता येतंय. महिनाभर बोलतायत."

आत गेलो. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी खाटेच्या आणि भिंतीच्या मधे बसेन एवढी जागा केली आणि त्यांच्या तोंडासमोर बसलो. "बाबा, पाणी उलटणार?"

मला वाटलं, रागावतील. माझ्याकडे त्यांनी कितीतरी वेळ बघितलं. मग डोळे मिटले आणि मान उशीवर सोडली, डोक्यावरचं ओझं कुणीतरी हात लावून उतरवून घ्यावं तशी. डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं. ही दारात उभी होती. तिच्या हातात तसराळं होतं. ती तशीच खाली बसली.

फौजदार आधी मानेना. "भाऊजी, आजारी माणूस बडबडतो आणि बर्फवाला गप्पा मारतो, आणि तुम्ही..." बोलता बोलता तो आत जाऊन बाबांना बघून आला. आल्यावर उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "मी नेले तिकडे."

"दया मला आली होती," मी म्हणालो. "होडी काढ."

तिघांनी दोन पिंजरे ओढ्याच्या तोंडाशी आणले. बर्फवाला बाजारातले कपडे घालून छातीपर्यंत पाण्यात. तिसऱ्याचा दोर बांधला आणि वारा आला. इतके दिवस मागितलेला वारा. अर्ध्या वाटेवर नुसता पिंजरा आम्हाला ओढू लागला. मग गारा. पाठीवर, डोक्यावर, पाण्यावर, आणि पाणी बर्फवाल्याच्या खोक्यातल्यासारखं थंड.

मी कंबरेचा चाकू काढला. म्हणालो, "पिशव्या कापू या. उरलेले चारही. जे सुटतील ते सुटतील, ओढ्याकडे जातील."

फौजदाराने माझं मनगट धरलं. "कापायचं नाही! उलटलंच नाही तर? हाताने सोडून द्यायचे सगळे?"

पिंपावर उभे राहून, गारा खात, आम्ही एकमेकांचे हात धरून होतो. मी मनात म्हणालो, काही खूण दे. तेवढ्यात वास आला. तोच, जाळ्याच्या खालच्या कडेचा, पण आता सगळीकडून. पोपटी पाणी फाटल्यासारखं झालं आणि फटीतून चहाच्या चोथ्यासारखं काळपट वर येऊ लागलं, बुडबुडे घेऊन.

फौजदाराने चाकू माझ्या हातून घेतला आणि स्वतः कापलं. पिशवी वरपासून खालपर्यंत उघडली. मासे बाहेर पडले नाहीत. वाट मोकळी होती, पण जायचं कुठे? आडवे होत होत ते तिथल्या तिथेच फिरले.

मी खूण मागत बसलो तेवढा वेळ गेला, हे मी आज देवालाच सांगितलं.

मंगळवार, ११ जून

अक्षर लागत नाही, बोटं नीट मिटत नाहीत.

काल उजाडलं तेव्हा मेलेलं सगळं वर येऊन तळं पांढरं झालं होतं. पोटं वर केलेले मासे, काठापासून काठापर्यंत. चार पिंजरे संपले. आणि रात्रभरात वाऱ्याने काळं पाणी लोटत ओढ्याच्या तोंडाशी आणलेलं. तिथल्या दोन पिंजऱ्यांत तोंडं वर आली होती. या वेळी मला ती प्रार्थना वाटली नाही.

बर्फवाला म्हणाला, "पाणी आपटा. वरची हवा आत जाऊ द्या. दुसरं काही हातात नाही."

आपटत राहिलो. फौजदार आणि मी वल्ह्यांनी, बर्फवाला खोक्याच्या झाकणाने. ही, जिने या तळ्याकाठी वाढून कधी गुडघ्यावर पाणी येऊ दिलं नव्हतं, ती जेवणाचं ताट घेऊन उतरली. म्हणाली, "बघत काय बसलात? मीही याच घरची आहे." एकाने आपटायचं, एकाने ओढ्याचं ताजं पाणी घमेल्याने आत ओतायचं. हात उचलेनासे झाले की जागा बदलायची. फौजदाराने दिवसभरात एक हुकूम सोडला नाही.

दुपारी नर्सबाई आल्या, बघितलं, आणि कुणी न सांगता मला आत बोलावलं. दोघांनी बाबांना खुर्चीसकट उचलून काठावर आणलं. त्यांनी सगळं तळं एका बाजूने दुसऱ्या बाजूला बघून घेतलं. आम्ही चौघे आपटायचं थांबलो होतो. फौजदार त्यांच्या पायांशी पाण्यातच बसला. "बाबा, चुकलं."

बाबांनी डावा हात उगारला. फौजदाराने गाल पुढे केला, खरंच केला. तो हात त्याच्या डोक्यावरून पुढे गेला आणि पाण्यावर फट्‌कन आपटला. मग पुन्हा. मग माझ्याकडे बघून, पुन्हा. आम्ही पुन्हा वल्ही उचलली.

आज संध्याकाळी एका पिंजऱ्यातले मासे खाली गेले, दिसेनासे झाले, म्हणजे त्यांना श्वास मिळाला. दुसऱ्यातले निम्म्याहून जास्त मेले.

सोमवार, १७ जून

मेलेले मासे पुरून झाले. वास आहे, पण कमी. पाणी निवळलं, काठाला तळाचे गोटे दिसतात. जगलेले सगळे एका पिंजऱ्यात घेतले. ही म्हणाली, यांच्यावर पिल्लं आणता येतील, थोडी. हेही गेले तर मग तळ्याला रामराम. फौजदार या वेळी अभद्र म्हणाला नाही.

बर्फवाला सांगून गेला, "एकदा उलटलं की झालं. आता वर्षभर भीती नाही." आभाळ धुतल्यासारखं आहे, वारा बेताचा, खेकडे परत पाण्यात. सकाळी मी आणि फौजदार बाबांना घेऊन काठावर बसलो होतो. हिने चहा आणला. बाबांनी तो प्याला, पाण्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि त्यांचे ओठ हलू लागले. मान ताठ झाली.

"अजून."

दुसरा शब्द! हिचा चेहरा उजळला. "अजून हवा? आणते हं." ती कप घेऊन वळली.

"थांब," मी म्हणालो.

बाबांकडे बघितलं. ते कपाकडे बघत नव्हते. मी विचारलं, "बाबा, चहा?" त्यांनी डोकं हलवलं की मान नुसतीच डुगडुगली, सांगता येत नाही. "अजून," म्हणाले.

फौजदार माझ्याकडे बघत होता. आभाळात ढग नाही. पाणी आरशासारखं. वासही दोन दिवसांपूर्वीपेक्षा कमी. म्हणाला, "काय अजून, भाऊजी?"

"माहीत नाही."

"मग?"

"दोर आण. पिंजरा ओढ्यात आणखी वर घेऊ, वाहत्या पाण्यात."

"तिथे तळ घासेल. पिशवी फाटेल."

"पिशवी वर ओढून बांधू. जागा कमी पडेल, पडू दे."

मला वाटलं, आता रंध्यावरून काहीतरी ऐकवेल. तो उठला आणि दोर घेऊन आला. हिने कप गवतात ठेवला, पदर खोचला आणि पाण्यात उतरली. वाहत्या पाण्यात वर ओढायला तिघे पुरत नव्हते. गोट्यांवरून पाय निसटत होते, पिंपं दगडांवर घासून कण्हत होती. दुपारपर्यंत कसाबसा वरच्या वळणाला नेऊन झाडाला बांधला. पिशवी एके ठिकाणी फाटलीच. मी बसून शिवली.

परत आलो तेव्हा बाबा खुर्चीतच होते, तळ्याकडे बघत. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगितलं, "बाबा, हलवला."

त्यांनी मान हलवली नाही, डोळे मिटले नाहीत. ते अजून पाण्याकडेच बघतायत.